नान्नजचा माळ आणि बडोद्याची पाहुणी

२ डिसेंबर १९३४, रविवार

आज माळावर घडलं ते, घडलं त्या क्रमानं —

१. पहाटेच्या टांग्यानं सोलापूरहून नान्नजला पोचलो. बाबा, पीरसाबचाचा, मी. आबासाहेब गावातून येऊन मिळाले. भीमा पारधी आपला बैल घेऊन पुढे गेला.

२. उजाडल्यावर बार्शीच्या रस्त्यानं एक मोटार आली. रस्ता सोडून गवतात शिरली.

३. मोटारीनं काळविटांचा कळप पळवला. कळप दमल्यावर चालत्या मोटारीतून बार काढले.

४. सात जनावरं पडली. त्यांत चार माद्या. आणखी एक मादी मोडक्या पायानं ओढ्याकडे गेली.

५. मोटारीत तीन पुरुष, एक बाई. बाईनं मोटारीतून बार काढला नाही. ती उतरली, एकटी पायी ओढ्यापर्यंत गेली आणि जखमी मादी एका बारात संपवली. अंतर बरंच होतं.

६. आबासाहेब त्यांच्याशी भांडायला गेले.

७. आबासाहेब हसत परत आले.

पहिले सहा मुद्दे शिकारी मंडळाच्या अर्जात जातील. सातवा जाणार नाही. तो इथेच राहू दे.

४ डिसेंबर, मंगळवार

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मंडळात बंदुका पुष्कळ, पण एक सरळ वाक्य लिहिणारं कुणी नाही. नकाशाही मीच काढते आहे. कोल्हापूरला मामांच्या कारखान्यात दोन वर्षं लेथ आणि मशीन ड्रॉइंग शिकले, त्याचा उपयोग शेवटी हरणांना!

गोष्ट साधी आहे. नान्नजचं कुरण सरकारी. आजवर आसपासच्या लोकांना शिकारीचे पास कचेरीतून मिळत. दसऱ्याला सुरुवात, होळीला बंद. मादी मारायची नाही. पाणवठ्यावर बार काढायचा नाही. माळावर पायीच जायचं. मारलं त्यातला एक वाटा गावाला. हा कायदा नाही, रिवाज आहे, आणि तो पाळला म्हणूनच तिथे अजून कळप दिसतात. आता पुण्या-मुंबईच्या मोटारवाल्यांचा एक क्लब त्या कुरणाचा पाच वर्षांचा ठेका मागतो आहे. ठेका मिळाला की पास क्लब देणार. म्हणजे माळ आबासाहेबांच्या दारातला, आणि परवानगी त्यांनी मुंबईला मागायची! भीमाला तर तितरासाठी फासही लावता येणार नाही. त्याचं पोटच त्यावर. आमचं म्हणणं एवढंच — पास आधी स्थानिकांना. प्रांतसाहेबांपुढे सुनावणी १० जानेवारीला.

माझं काय त्यात? मी शिकारी नाही. बाबांच्या दुकानात बंदुका दुरुस्त करते, परसातल्या भिंतीवर तपासून बघते. जिवंत जनावरावर कधी झाडली नाही. परवाना बाबांच्या नावावर. मी त्यांच्यामागे काडतुसांची पिशवी घेऊन. तरी कोल्हापूरहून परतल्यापासून गेली सात वर्षं थंडीचा एकही रविवार मी चुकवलेला नाही. माळावर दबा धरताना आबासाहेबांच्या शेजारी बसायला मिळतं.

हे मी आज प्रथमच लिहिलं. आबासाहेब जातीनं मराठा, नान्नजच्या पाटलांच्या घरचे, अजून बिनलग्नाचे. आम्ही जिनगर. त्यामुळे त्यात पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

८ डिसेंबर, शनिवार

मोटारीतली ती बाई आज दुकानात आली. सायकलवरून! पेठेतली निम्मी पोरं तिच्या मागे.

नाव जयवंती. बडोद्याची. सोलापुरात मामांकडे थंडीपुरती आली आहे. मोटार तिच्या थोरल्या भावाची, आणि तोच त्या क्लबाचा चिटणीस. हे सगळं तिनं खांद्यावरची बंदूक उतरवायच्या आत सांगून टाकलं.

बाबा उठून उभे राहिले. कलेक्टर कचेरीतल्या शिपायाशी ते बसूनच बोलतात.

"डावा बार आपोआप सुटतो," ती म्हणाली. "परवा भावाची टोपी उडाली."

"टोपीच ना?" बाबा.

"हो. पण टोपीखाली फारसं काही नसतंच त्याच्या."

बाबा हसले. मोठ्यानं! आई गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मला वाटलं होतं, तो गेलाच.

बंदूक दुनळी, वीस बोअरची, विलायती, हलकी. परवाना तिच्या स्वतःच्या नावावर. बाबांनी ती माझ्याकडे दिली. "हिच्याकडे असू दे. हिचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे." तर ती स्टूल ओढून माझ्याशेजारी बसलीच. "तुम्ही करता? मला बघू द्याल?"

आत चापाची खाच झिजली होती. नवा तुकडा कापला, घासला, टणक व्हावा म्हणून तापवून पोलादाला पाणी दिलं. पाणी जरा कमी दिलं असतं तर तो तुकडा महिन्याभरात पुन्हा झिजला असता, आणि तिचा बार ऐन वेळी चुकला असता. कुणाला कळलं नसतं. हे माझ्या मनात आलं. आलं ते लिहून ठेवते. पाणी बरोबर दिलं. चांगुलपणानं नव्हे. वाकडं काम माझ्या हातून दुकानाबाहेर जात नाही, एवढंच.

जाताना म्हणाली, "आबासाहेब म्हणत होते, तुमच्यासारखी नजर साऱ्या जिल्ह्यात नाही."

हे ते तिला म्हणाले. मला कधी म्हणाले नाहीत.

९ डिसेंबर

बाबांनी जेवताना दोनदा तिचं नाव काढलं. दुसऱ्यांदा मी भात वाढायला विसरले.

१६ डिसेंबर, रविवार

आबासाहेबांनी तिला माळावर बोलावलं. "रिवाज पाळते म्हनती, तर येऊ द्या की," असं बाबांना म्हणाले. बाबा कशाला नाही म्हणतील!

ती खाकी विजारीत, कॅनव्हासच्या बुटांत. मी नऊवारीत, पदर खोचून, कुसळं वेचत.

भीमाच्या बैलाबद्दल. तितरं माणसाला बुजतात, चरत्या बैलाला बुजत नाहीत. म्हणून भीमा बैलाच्या आडोशानं चालतो, बैल थांबला की थांबतो, निघाला की निघतो. बैलाची दोरी तो कुणाच्या हातात देत नाही. मी एकदा मागितली होती. "बैल बुजंल ताई," म्हणाला होता.

आज त्यानं ती दोरी तिला दिली.

"बाय लई हलकी चालती की!" मला सांगायला आला वर. "बैलालाच कळंना मागं कोन हाय ते."

"म्हणजे मी जड चालते होय रे?"

"जड न्हाय ताई. पर तुमी मोजून चालता. जनावराला कळतंय की!"

पीरसाबचाचा हसता हसता खोकायला लागले. "ये तो सच बोल्या, बेटी!" चाचा कातड्याचे व्यापारी, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या हसण्याचा मला कधी राग येत नाही. आज आला.

माळाच्या उत्तर टोकाला एक खळगा आहे. वारा तिथे नेहमी तोंडावर येतो आणि उजाडताना कळप अगदी समोरून जातो. तीन वर्षांपूर्वी आबासाहेबांनी तो मला दाखवला. "हितं मी कुनाला आनत न्हाय." म्हणून नकाशातही मी तो दाखवलेला नाही. आज त्या खळग्यात ते दोघं बसले. मी वर बाभळीखाली, पिशवी मांडीवर घेऊन.

तिनं एक काळवीट पाडलं. पुरा काळा नर. एकच बार. माद्यांकडे नळीसुद्धा वळवली नाही. गावचा वाटा कुणी न सांगता काढून दिला. तो कसा काढायचा, हे तिला कुणी शिकवलं असेल ते कळायला कोल्हापूरला जावं लागत नाही.

मला तिच्यात दोष सापडत नाही. तेच सर्वांत वाईट.

१९ डिसेंबर, बुधवार

पीरसाबचाचांच्या वखारीत मंडळाची बैठक. कातड्यांचा वास नाकात अजून आहे.

प्रश्न एकच — अर्जात "स्थानिक" लिहायचं, तर स्थानिक कोण?

आबासाहेब म्हणाले, "जिल्ह्यात राहतो त्यो. आनि त्याचा पावना. दारात आलेल्या पावन्याला काय न्हाय म्हनायचं व्हय?"

कुठला पाहुणा, ते सगळ्यांना कळलं. मग मी उठले. बैठकीत मी आजवर बोलले नव्हते.

"पाहुणा घातला की अर्ज फुकट. क्लबातला प्रत्येक माणूस कुणाचा तरी पाहुणा होऊन येईल. मोटार त्याच दारातून आत शिरेल."

"बराबर!" चाचांनी मांडीवर थाप मारली. "पाव्हण्याला बिर्यानी देव, पास नको!"

सगळे हसले. माझा मुद्दा मान्य झाला. तो खरा होता, आजही खरा आहे. पण बोलताना माझ्या डोळ्यांपुढे मोटार नव्हती. मुद्दा खरा आणि कारण खोटं — दोन्ही एकाच तोंडातून निघू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

वाक्य मीच सुचवलं. "ज्याची चूल सोलापूर तालुक्यात पेटते तो व त्याच्या घरची माणसं, तसेच पिढ्यान्‌पिढ्या याच माळावर पाल टाकणारे." शेवटचा तुकडा भीमासाठी. त्याला घर नाही.

भीमा उंबऱ्याबाहेर बसून ऐकत होता. "माजं पाल बी सरकारात जानार व्हय? मग धड शिवून तरी घेतो!"

आबासाहेब माझ्याकडे न बघता "ठीक हाय" म्हणाले.

घरी येताना मला फार बरं वाटत होतं.

२३ डिसेंबर, रविवार

बाबा माळावर गेले. मी डोकं दुखतं म्हणून राहिले. तर जयवंती इथेच आली! आज बंदूक नव्हती.

"तुम्ही मला बाहेर काढलंत म्हणे."

"नियमानं."

"नियम चांगला आहे." ती स्टुलावर बसली. "माझा भाऊ त्यानंच अडेल. दुसऱ्या कशानं नाही. आमच्याकडचं एक कुरण त्यानं चार हिवाळ्यांत रिकामं केलं. आता तिथे साधा होला पक्षीसुद्धा बसत नाही."

"मग तुम्ही त्यांच्या मोटारीत का होतात?"

"एकट्या बाईला शिकारीला कोण सोडतं? जायचं तर भावाबरोबर, नाहीतर घरी बसायचं." मग म्हणाली, "तुम्हाला वडील नेतात. पायी. लहानपणापासून. ते केवढं आहे, कळतं का तुम्हाला?"

म्हणजे तिला माझा हेवा वाटतो! तिला! मला हसू आलं, पण चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. त्याचं काय करायचं ते कळेना. अजून कळलेलं नाही. ती मोठ्या मनानं बोलली, की मला बरं वाटावं म्हणून? काही असो. तिच्याकडून घ्यावं असं मला काही नको आहे.

सुनावणीत साक्ष देणार म्हणते. सात जनावरं, चार माद्या, मोटार भावाची — सगळं सांगणार.

"भाऊ परत घरात घेईल?" मी विचारलं.

"बहुतेक नाही." ती लेथकडे बघत होती. "ह्याला तेल किती दिवसांनी घालता?"

चहा केला. साखर बरोबर घातली.

२५ डिसेंबर

नकाशा पुरा झाला. खळगा दाखवला. आता तो लपवून काय करायचा?

३० डिसेंबर, रविवार

पौष लागायच्या आत उरकायचं म्हणून बजाबाईआत्यानं आज विजापूरची मंडळी बोलावली. आत्या बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तिच्या हातात आहे आणि माझं लग्न तिच्या डोक्यात. विजापूरचं हे स्थळ दिवाळीपासून चाललं होतं. मी "बघू" म्हटलं होतं. आत्यानं ते "हो" म्हणून धरलं.

मुलाचं नाव रेवणसिद्ध. घड्याळं दुरुस्त करतो. आला तो आईच्या मागे, उभा राहिला तो मामाच्या मागे. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हुडुगी छलो अदाळ." मुलगी चांगली आहे — एवढं कानडी आम्हाला सगळ्यांनाच येतं.

पोहे झाल्यावर तो दुकानात डोकावला.

"लेथ पायाचा का?"

"पायाचा."

"पाय दुखत नाहीत?"

"डावा."

"पाय ठेवायच्या फळीखाली पाचर घाला. अर्धा बोट उंच होईल." एवढंच बोलला.

ते गेल्यावर आत्या म्हणाली, "पोरगं मुकं हाय का काय! पर घर चांगलं हाय. फाल्गुनात बार उडवू." बाबांनी मान हलवली. मी नाही म्हटलं नाही. का म्हणायचं? आबासाहेबांच्या शेजारी आता जागा नाही, आणि कधी नव्हतीच.

२ जानेवारी १९३५, बुधवार

आबासाहेबांचं जयवंतीशी ठरलं. तीही मराठ्यांचीच. माघात लग्न.

पीरसाबचाचा पेढे घेऊन दुकानात आले. "अब वो पाहुणी कायकू? माघ के बाद आबासाब की घरवाली! 'घरची माणसं' में आ गई. बेटी, क्या पक्का नियम बनाया तूने!"

बाबांनीही जोडून दिलं. "आणि ही फाल्गुनात विजापूरला गेली, की ही पाहुणी."

"फिर इसकू बिर्यानी देंगे. पास नको!"

दोघं पोटभर हसले. प्रेमानंच हसले. मीही हसले. पेढा खाल्ला. गोड होता.

नियम मी तिला बाहेर ठेवायला केला. त्यानं तिला आत घेतलं आणि मला बाहेर काढलं. कुणी काही वाकडं केलं नाही. लग्न झालं की बाईचं गाव बदलतं — हे पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. माझ्या मापात तेच धरायचं राहून गेलं. लेथवर असा तुकडा निघाला असता तर मी फेकून दिला असता.

३ जानेवारी

काम केलं. लिहिण्यासारखं काही नाही.

खोटं. लिहायचं नाही, असं आहे.

६ जानेवारी, रविवार

अर्जाची पक्की प्रत मलाच लिहायची आहे. सकाळी एका वेगळ्या कागदावर "ज्याची चूल" पासूनचं सगळं वाक्य काढून नुसतं "ज्याचा जन्म या तालुक्यातला तो" असं लिहून पाहिलं. तेवढ्या बदलानं जयवंती कायमची बाहेर आणि मी कायमची आत. मंडळी सही करताना कुठे वाचतात!

मग तपासलं. पीरसाबचाचा जन्मले अक्कलकोटला, संस्थानात. बाहेर. बाबा वैरागचे, म्हणजे बार्शी तालुका. बाहेर! आबासाहेबांच्या आई करकंबच्या. बाहेर. भीमा कुठल्या माळावर जन्मला, ते त्यालाही सांगता येत नाही. सगळ्या मंडळातून उरले आबासाहेब आणि मी. दोघांचं मंडळ!

क्षणभर ते मला आवडलं. क्षणभर नाही, बराच वेळ. मग चुलीचंच वाक्य पक्कं लिहिलं आणि तो कागद फाडला. ह्याच क्रमानं. आधी फाडला असता तर हात पुन्हा वळला असता.

१० जानेवारी, गुरुवार

सुनावणी.

क्लबाचे वकील म्हणाले, गावठी लोक ठासणीच्या बंदुका घेऊन माळ उजाड करतात, क्लब माळ राखील. पीरसाबचाचा मागून पुटपुटले, "बकरी राखायला वाघ!" शिपायानं डोळे वटारले.

मग जयवंती उभी राहिली. भाऊ पुढच्याच बाकावर. तिनं सगळं सांगितलं. मोटार कुणाची, बार कुणी काढले, माद्या किती. "मी मोटारीत होते." आवाज सरळ होता. हात मात्र तिनं पाठीमागे घट्ट धरले होते. मी मागे बसले होते म्हणून मला दिसले. भाऊ उठला आणि तिच्याकडे न बघता बाहेर निघून गेला.

"आपण इथल्या रहिवासी?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"आज नाही."

साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला. अर्जातला नियम वाचला. म्हणाले, नियम ठीक आहे. पण रिवाज मोडला तर सरकारला कळवणार कोण? आबासाहेब स्वतः शिकारी. पीरसाब कातडी विकत घेतात. भीमाला लिहिता येत नाही. "शिकारीत ज्याचा वाटा नाही, ज्याला बंदूक कळते आणि लिहिता येतं, असा एक रहिवासी मला द्या. पास तपासायचे, हंगामाअखेर अहवाल द्यायचा. तीन हंगाम त्यानं इथून हलायचं नाही. नाव २१ तारखेच्या आत. नाव नसेल तर कुरण ठेक्यानं जाईल."

आबासाहेब लगेच बोलले. "आमच्या घरात येनारी मंडळी शिकलेली हायेत की, साहेब." आणि तिच्याकडे बघितलं.

म्हणजे हेही तिलाच!

"मी शिकार करते," जयवंती म्हणाली. "माझा वाटा नाही कसा? आणि माळ कळायला मला दहा वर्षं लागतील. त्यांना विचारा." हात माझ्याकडे.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई?"

"नकाशा त्यांनीच काढलाय."

"त्यांचं काय साहेब," आबासाहेब सहज म्हणाले, "त्या फाल्गुनात विजापूरला जानार."

सहज! टपालाची थैली कुठल्या गाडीनं जाणार, ते सांगावं तसं. त्यात रागही नव्हता, दुःखही नव्हतं. सात वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून वारा कुठून येतो ते बघितलं. त्यांनी कधी एवढंही बघितलं नाही, की शेजारी कोण आहे.

मी उभी राहिले. "उत्तर २१ च्या आत देईन," म्हणाले.

ती घेऊन गेली ते सगळं सोसवलं. तिनं दिलेलं हे सोसवत नाही.

१२ जानेवारी, शनिवार

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू झाली. दुकान अर्धा दिवस बंद.

आत्या सकाळपासून मला ऐकू जाईल असं भांड्यांशी बोलते आहे. "ठरल्यालं मोडलं, तर परत दारात कोन येतंय? हरनं येनार का लग्नाला?" बाबा म्हणतात, "तू म्हणशील ते." म्हणजे त्यांना काही म्हणायचं नाही. मी इथे राहिले तर त्यांना हवंच आहे, पण तसं तोंडानं म्हटलं तर ते मुलीच्या संसाराआड आले असं होईल.

दुपारी आबासाहेब दुकानात आले. एकटे. असे ते आजवर आले नव्हते. महिन्यापूर्वी आले असते तर मला कानसही धरता आली नसती. आज धरता आली.

"तुमी न्हाय म्हनला तर माळ गेला," म्हणाले. "पर पोरीच्या जल्माचं वाटोळं करून माळ नको आमाला. तुमी जावा. आमी बगू कायतरी."

चांगलं बोलले. माणूस चांगलाच आहे.

मी विचारलं, "आबासाहेब, लग्नासाठी तुम्ही बडोद्याला राहायला याल का, असं कुणी विचारलं असतं तर?"

ते हसले. "गडी मानूस कुटं जातो व्हय!"

"पण विचारलं असतं तर?"

"कोन इचारतंय?" अजून हसत होते. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी टोपी घातली आणि निघाले.

खरंच. कुणी विचारत नाही.

मला माळ हवा आहे, की तिनं पुढे केलेली जागा तिच्या देखत घेऊन दाखवायची आहे, की नुसतं इथून हलायचं नाही? तिन्ही आहे. निवडत बसायला वेळ नाही.

१३ जानेवारी, रविवार

माळावर गेले नाही. खालचं पत्र विजापूरला टाकलं. घरात कुणाला सांगितलेलं नाही. ही नक्कल.

"रा. रा. रेवणसिद्ध यांस —

नान्नजच्या कुरणावर पास तपासण्याचं काम मला मिळतं आहे. तीन हंगाम सोलापूर सोडता येणार नाही. मी ते घेणार. मी घेतलं नाही तर इथल्या माणसांची शिकार कायमची जाईल.

लग्नाला माझा नकार नाही. मात्र बिऱ्हाड इथे. माझ्या वडिलांच्या घरात नव्हे. आपण वेगळी खोली भाड्यानं घेऊ. घड्याळं सोलापुरातही बंद पडतात. आमचा नियम असा आहे की ज्याची चूल इथे, त्याच्या घरची माणसं इथली. चूल माझी असेल. तुम्ही घरचे व्हाल.

पाचर घातली. पाय दुखायचा थांबला.

तुम्ही सोलापूरला राहायला याल का? हो की नाही, एवढंच, शनिवार ता. १९ पर्यंत कळवावं."